जोडातली एक पाटली

कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या मातीच्या घरात बिल्कीसचा पाय काही केल्या ठरत नसे. घर म्हणजे दोन खोल्या, मध्ये उघडं अंगण, आणि अंगणाला इतकी उंच भिंत की पलीकडचा समुद्र ऐकू यायचा पण दिसायचा नाही. सकाळी ती अंगण झाडायची, दुपारपर्यंत वारा पुन्हा वाळू आणून टाकायचा, ती पुन्हा झाडायची. नवरा कामावर गेला की दाराशी जायची, परत यायची, सहा वर्षांच्या असमाच्या वेण्या सोडायची आणि पुन्हा घालायची. पोरगी कंटाळून म्हणायची, "आई, माझे केस दुखतात." पण हात थांबायचे नाहीत. पंचावन्न सालचा जानेवारी लागला होता, शिमगा जवळ येत होता, आणि समुद्रापलीकडे केळंब्याच्या खाजणाचा बांध तिच्या हाताची वाट बघत होता.

हे खाजणाचं प्रकरण आधी सांगून टाकतो, म्हणजे बाईला नुसतंच वेड लागलं होतं असं कुणाला वाटायला नको. केळंबं हे रत्नागिरीकडच्या खाडीवरचं गाव. खाडीच्या कडेला सखल भातजमीन, तिलाच खाजण म्हणायचं, आणि खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध. पावसाळ्यात, उधाणात तो जागोजागी खचतो. मग शिमगा झाला की पहिल्या भांगाला, म्हणजे भरतीचा जोर उतरलेला असतो त्या दिवसांत, अख्खं गाव टोपली घेऊन बांधावर उतरतं. पण मातीचं पहिलं टोपलं टाकायचं खाजणाच्या धन्यानं. ते पडेपर्यंत कुणी चिखलाला हात लावत नाही. कचेरीतले कागद काहीही म्हणोत, ज्याच्या हातचं पहिलं टोपलं त्याचं खाजण, एवढाच कायदा केळंब्याला पाठ होता.

बिल्कीसचे वडील यूसुफ खोत. सरकारनं खोती काढून घेतली तेव्हा त्यांनी कोर्टकचेरी केली नाही. उरलेलं खासगीचं खाजण त्यांनी एकुलत्या एक मुलीला देऊन टाकलं. बिल्कीस त्या वेळी तान्ह्या असमाला घेऊन माहेरीच होती. बावांनी तिला बांधावर उभं केलं, हातात टोपलं दिलं आणि गावासमोर म्हणाले, "आजपासून ह्यो बांध हिचा. मी फक्त राखणदार." बावांचे धाकटे भाऊ फारूककाका शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा कसा उतरला ते बिल्कीस अजून विसरली नव्हती. पुढं नवऱ्याला, नझीरला, कुवेतमधल्या तेल कंपनीच्या गोदामात नोकरी लागली, ती मुलीला घेऊन त्याच्यामागे आली, आणि दर शिमग्याला बावा तिच्या नावानं टोपलं टाकत राहिले. मागच्या भातकापणीत बावा गेले. आता टोपलं कुणी टाकायचं, हा प्रश्न होता आणि फारूककाकांच्या मनात त्याचं उत्तर तयार होतं.

"माना गावी पाठवा," बिल्कीस नवऱ्याला म्हणाली. "पैसा धाडून भागायचा नाय, मी स्वतः जायला पायजे. शिमग्यानंतर लगेच परत येते."

नझीर माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नसे, मुलीवर जीव होता, फक्त अवघड गोष्ट आली की तो तिला उद्यावर ढकलायचा, आणि त्याचे उद्या कधी उजाडत नसत. "बघू," तो म्हणाला. "बोटीनं एकटी बाई जाते काय? आनी त्या चिखलात हाय काय गो? काका मागतायत तर देऊन टाकू. हितं बाजारात दुकान टाकू, बिल्कीस. मालकासारखा बसेन मी."

गोदामातले दोस्त त्याला जावईराजा म्हणून चिडवायचे, बायको खाजणाची राणी म्हणून. त्याला ते आवडायचं नाही आणि आवडायचंही. पण राज्य सोडून राजाला दुकानच हवं होतं.

राणीची गोष्ट मात्र खरोखरच होती. केळंब्यातल्या बायका ती मुलींच्या वेण्या घालताना सांगतात, आणि बिल्कीसही असमाला दुपारी तीच सांगत बसायची. कुठल्या बखरीत त्या राणीचं नाव नाही, तेव्हा खरंखोटं करायला जाऊ नये.

फार पूर्वी, घाटावर सुलतान राज्य करीत होते तेव्हा, खाडीकाठच्या गावांवर एका नाईकाचा अंमल होता. त्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी. नाईक मेला तशी गावं, बंदर, खाजण सगळं तिच्याकडं आलं. लोकांना वाटलं, बाई काय राज्य करणार. पण हा बांध तिनं घातला. स्वतः पदर खोचून पहिलं टोपलं टाकलं आणि मग माणसांना म्हणाली, आता तुम्ही. बांध उभा राहिला, खाऱ्या जमिनीत भात पिकलं, तिचं नाव घाटावर गेलं. सुलतानाला अरबस्तानातून घोडे आणायचे होते, त्याला बंदर हवं होतं. त्यानं लढाई केली नाही. मागणी घातली.

नाईकाची लेक सुलतानाची राणी झाली. जाताना तिनं एकच अट घातली, दर वर्षी शिमग्यानंतर मी बांधावर येणार. पहिल्या वर्षी ती पालखीत बसून आली. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते. तिसऱ्या वर्षी राजा म्हणाला, घाटात लुटारू माजलेत, पुढच्या वर्षी बघू. चौथ्या वर्षीही तेच म्हणाला. मग राणीनं आपल्या हातातल्या जोडातली एक पाटली काढून खाली पाठवली, की मला वाढवणाऱ्या दाईनं ही हातात घालावी आणि माझ्या जागी टोपलं टाकावं. दाईनं तसं केलं. बांध राहिला.

"आनी राणी?" असमा विचारायची.

"राणी महालात ऱ्हायली. सुखात."

"नुसती बसून?"

यावर बिल्कीस वेणी जरा जास्तच घट्ट ओढायची. तिच्या आईनंही तिला गोष्ट एवढीच सांगितली होती, आणि लहानपणी हा प्रश्न तिला सुचला नव्हता.

गोष्टीतली युक्ती तिला मात्र एके दुपारी सुचली आणि ती उठून उभी राहिली. नझीरच्या गोदामातला अब्बास रजेवर गावी निघाला होता. त्याचं गाव केळंब्याच्या पलीकडच्या काठावर. निरोप घ्यायला तो घरी आला, नझीर विहिरीचं पाणी आणायला गेला होता, तेवढ्यात बिल्कीसनं पडद्याआडून हात पुढं केला. हातात आईची पाटली होती, जाड, आतल्या बाजूला जरा चेपलेली. सगळं केळंबं ती जोडी ओळखत होतं. दुसरी पाटली तिच्या मनगटातच राहिली.

"ही नूरजहाँफुफूला द्या," ती म्हणाली. फुफू म्हणजे बावांची विधवा बहीण, माहेरच्या घरात आता तीच होती. "सांगा, बिल्कीसनं सांगितलाय, ही घालून पहिला टोपला तुमी टाका. काकांना टाकू देऊ नका. नीट ध्यानात ठेवा. आनी ह्यांना सांगू नका."

अब्बासनं पाटली रुमालात बांधली. चिठ्ठी देता आली असती, पण बिल्कीसला लिहिता येत नव्हतं आणि लिहून देणारा घरात एकच होता. नवऱ्यापासून लपवून तिनं आयुष्यात पहिल्यांदाच काही केलं होतं. त्या दिवसापासून तिचं अंगण झाडणं आणखी वाढलं.

फेब्रुवारी लागला. वाळवंटात पाऊस शिंपडून गेला आणि शेजारची मुनिरा रानातली जमिनीखालची अळंबी फडक्यात घेऊन आली. ही मुनिरा कुवेती, कोळ्याची बायको. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची आणि त्यामुळे कधी भांडण झालं नाही. अळंबी धुता धुता बिल्कीसच्या मनात तारखा चालल्या होत्या. अब्बास पोचला असेल. फुफूनं पाटली घातली असेल. शिमगा आता आलाच.

त्याच आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. बाहेर नूरुद्दीन सारंग. केळंब्याचाच म्हातारा खलाशी, हयात बोटीवर गेलेली, आता कंपनीच्या धक्क्यावर कामाला. रजा संपवून कालच्या बोटीनं परत आला होता. बिल्कीसनं त्याला फळीच्या फटीतून ओळखलं. माहेरची बातमी आली होती. तिनं असमाला दार उघडून त्याला बाहेरच्या खोलीत बसवायला सांगितलं, आपण पडद्याआड गेली आणि चहा टाकला.

"नझीर कामावर गेला काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"व्हय. सांजचे येतील. बसा तुमी."

म्हातारा बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा खाकरला. "अल्लाची मर्जी," तो म्हणाला. "आपल्या हातात काय नाय. पोरगी गुणाची होती. यूसुफ खोत गेला, त्याच्या मागून लगेच ही. माना तर अन्न गोड लागला नाय."

"कोण पोरगी?" पडद्याआडून आवाज आला.

"बिल्कीस गो. तुझ्या आधीची."

चहा उतू गेला.

"नझीरनं लगीन लौकर केलान," म्हातारा समजुतीनं बोलत राहिला. "लोक बोलतील, तू मनावर घेऊ नकोस. बरा केलान. पोरीला आई पायजे. तू कुठल्या गावची?"

"केळंब्याची," बिल्कीस म्हणाली आणि पडदा बाजूला सारून समोर आली.

नूरुद्दीन सारंगानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून धक्क्यावर फिरवलं होतं. तो उठला, मागं सरकला, भिंतीला टेकला आणि कलमा पुटपुटायला लागला. समुद्रावर त्यानं नाना तऱ्हा बघितल्या होत्या, पण मेलेली बाई चहाचं भांडं हातात घेऊन उभी राहिलेली बघितली नव्हती. तिनं जवळ जाऊन त्याच्या पायावर हात ठेवला, हात गरम लागला तेव्हा कुठं तो खाली बसला. मग बराच वेळ रडला, आणि मग चहा मागितला.

झालं होतं असं. अब्बासला बोटीतच ताप भरला. मुंबईला उतरल्यावर त्याला इस्पितळात ठेवून घेतलं. त्यानं पाटली दाभोळच्या एका माणसाकडं दिली आणि लांबलचक निरोप सांगितला. दाभोळच्या माणसानं ती खाडीतल्या लाँचच्या तांडेलाला दिली आणि निरोप अर्धा सांगितला. तांडेलानं केळंब्याच्या धक्क्यावर पाटली काढून दिली आणि म्हणाला, बिल्कीसची आहे, कुवेतहून आलीय. उरलेला अर्धा निरोप लाँचमध्येच राहिला.

आणि केळंब्यात परदेशातून माणसाची वस्तू एकटी येते तेव्हा तिचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. कुणाचं घड्याळ येतं, कुणाची जपाची तसबी, कुणाची पत्र्याची ट्रंक. माणूस तिकडं रेतीत, वस्तू हातोहात घरी. त्यातून ही जोडातली एक पाटली. जिवंत बाई जोड उतरवेल तर दोन्ही उतरवेल. एक काढायची आणि एक हातात तशीच अडकलेली सोडायची, हे मयताला आंघोळ घालणाऱ्या बायकांच्या हातून घाईत होतं. नूरजहाँफुफूनं पाटलीच्या आतली चेप चाचपून बघितली आणि धक्क्यावरच बसकण मारली.

"तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली," नूरुद्दीन म्हणाला. "मी सोता जेवलो. फारूकनं गाव जेवू घातला. रडलाय पण बिचारा, खोटा कशाला बोलू. चाळिसाव्याला परत जेवण हाय, आनी शिमग्यानंतर पयला टोपला तोच टाकणार. आता वारस तोच ना."

बिल्कीसला वाटलं आपल्याला हसू येईल. आलं नाही. "राणीच्या गोष्टीत तर दाईनं टोपला टाकलान," ती म्हणाली. "पाटली घालून. बांध ऱ्हायला."

"त्या बायकांनी सांगायच्या गोष्टी." म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला. "बांधाच्या टोकाला राणीची कबर हाय ती कुणाची मग?"

"राणीची."

"राणी वर मेली, घाटावर. तिला खाली कोण आणणार? पाटली आयली तसा गाव समजला, राणी खपली. बायका रडल्या, म्हणल्या, आमी फुला कुठं वाहायची? म्हणून पाटलीच पुरली. कबरीत पाटली हाय, बिल्कीस. राणी वर जितीच होती. म्हातारी होऊन मेली. तिला कळला होता, आपली कबर बांधलीय. पण मेलेल्या बाईला खाजण कोण देतो? राजानं बंदर घेतलान, खाजण दिरांनी घेतला. ती आयली नाय परत." तो थांबला आणि मग नको ते सांगावं की नाही असा विचार करून सांगूनच टाकलं. "तुझी पाटली पण, फुफू म्हणते, चाळिसाव्याला राणीच्या बाजूलाच पुरायची. तिला रडायला जागा पायजे."

बिल्कीस उठून अंगणात गेली. तिथं दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. आईनं तिला गोष्ट अर्धीच सांगितली होती, आणि तिनं आपल्या लेकीला अर्धीच सांगितली होती. अर्ध्या गोष्टीच्या भरवशावर तिनं पाटली उतरवली होती. तिला आईचा राग आला, आणि मग आई आपल्याला झोप लागावी म्हणून तिथंच थांबत असेल हे ध्यानात येऊन नुसतंच रडू आलं.

संध्याकाळी नझीर आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं, पाटलीसकट. तो आधी हसला. मग लपवाछपवीबद्दल चिडला, आणि तो राग रास्तच होता. "तार करतो," तो म्हणाला. "गावच्या मौलवीसाहेबांच्या नावानं. बिल्कीस जिवंत. एवढीच तार. कशाला जायला पायजे?"

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तार केलाव?" तो म्हणाला, आज तारघरात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी म्हणाला, साहेबानं सोडलं नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, केली. बिल्कीसनं हातातली पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "तारेत काय लिवलाव?"

नझीर ताटातलं चिवडायला लागला; तार गेलीच नव्हती.

"ऱ्हाऊ दे ना थोडे दिवस," शेवटी तो म्हणाला. "कायमचा नाय म्हणत मी. काकांचा मन भरून आलाय, आता दिला तर घेतील खाजण, भांडण न करता. माझा हिस्सा, असमाचा हिस्सा, पैशात नीट देतील. मग सांगू ना, चूक झाली, बिल्कीस हाय. तू मेलीस असा हितं कोण मानतो?"

तव्यावरची पोळी करपली. तिनं ती उतरवली, चुलीतली लाकडं ओढली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. धूर सगळ्या घरात भरला.

"काय करतेस?"

"मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाय," ती म्हणाली. "मी मेलेय. तुमी आनी काका मिळून ठरवलाव ना."

आणि ती खरोखरच स्वयंपाक करीना. ओरडणं नाही, रुसून बसणं नाही. नझीर उपाशी कामावर गेला, उपाशी परत आला. चूल थंडच होती. भिंतीपलीकडच्या मुनिराला धूर दिसेना तेव्हा ती डोकावली. बिल्कीसकडं एवढी अरबी नव्हती की हे सगळं समजावून सांगावं. तिनं फक्त चुलीकडं बोट दाखवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मुनिरानं कुणाचं काय विचारलं नाही. तासाभरात मासळी घातलेल्या भाताचं मोठं ताट घेऊन आली आणि शेजारी बसून मनापासून रडली. तिचा एक भाऊ मोत्यांच्या मोसमात बुडाला होता, ती त्याच्यासाठी रडत होती. बिल्कीस तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिकडं नूरुद्दीननं खरी बातमी सांगायच्या आत रजेवरून आलेल्या इतरांनी खोटी बातमी तेल कंपनीच्या अहमदी वसाहतीतल्या कामगारांच्या खोल्यांत पोचवली होती. तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या शुक्रवारी, नमाजानंतर कोकणातली मंडळी नझीरच्या घरी आली. बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. नझीरला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. प्रत्येकानं त्याला छातीशी धरलं. एकानं कुराणातली आयत म्हटली. गोदामातला मुकादम मुनव्वर वयानं मोठा, सगळ्यांच्या संसारात लक्ष घालणारा. तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझी साली हाय, श्रीवर्धनला. नमाजी पोर हाय. आता नाय म्हणत मी, चाळिसावा होऊ दे."

"चाळिसावा होऊ दे," नझीरच्या तोंडून गेलं. काय बोलून गेलो हे कळेपर्यंत शब्द बाहेर पडून गेले होते.

पडदा हलला. असमा बाहेर आली आणि सगळ्या काकालोकांसमोर उभी राहून म्हणाली, "आई सांगते, चूल बंद हाय म्हणून चाय मिळणार नाय. माफ करा."

मुनव्वरनं पडद्याकडं बघितलं, मग नझीरकडं बघितलं. म्हाताऱ्यांनी टोप्या घातल्या, चपला शोधल्या आणि एकेक करून सगळे निघून गेले. जाताना कुणी त्याला छातीशी धरलं नाही.

नझीरनं रिकाम्या खोलीतल्या चटया गुंडाळल्या. मग आत आला. बिल्कीस अंगणात होती, हातात झाडू होता, पण झाडत नव्हती.

"तुला वाटतो, मी तुला मारायला निघालो होतो?"

"नाय," ती म्हणाली. "तुमी फक्त माना जिती करायची घाई केली नाय."

त्याला हे लागलं. लागलं ते बरंच झालं, कारण दुसऱ्या दिवशी तो कामावर न जाता शहरात गेला आणि बोटीची तिकिटं घेऊन आला, बिल्कीसचं आणि असमाचं. सोबत मौलवीसाहेबांना तारही केली, पावती तिच्यासमोर ठेवली. तिला पावती वाचता येत नव्हती. "तार काका फोडतील," ती म्हणाली. "गावात इंग्रजी त्यांनाच येते. मी गेलेली बरी." त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली आणि भाकऱ्या भाजल्या, आणि नझीर जेवता जेवता रडला. तिनं त्याला रडू दिलं.

निघायच्या दिवशी मुनिराच्या नवऱ्यानं आपल्या गाडीतून तिघांना शहरातल्या धक्क्यावर सोडलं. बोट लांब खोल पाण्यात उभी होती, तिच्यापर्यंत लहान होडीनं जायचं होतं. नझीरनं पेटी उचलून दिली, असमाचं डोकं हुंगलं, आणि बिल्कीसच्या मनगटाकडं बघून म्हणाला, "ही पाटली तरी ठेवून जा. बोटीत चोर असतात."

"ऱ्हाऊ दे हातात," ती म्हणाली. "दोन्ही एकत्र दिसल्या पायजेत."

"परत येशील ना?"

"टोपला टाकून येते. पण दर वर्षी जाणार मी. हे आताच सांगून ठेवते."

नझीर "बघू" म्हणायला गेला आणि थांबला. "जा," तो म्हणाला. "दर वर्षी जा." होडी सुटली तेव्हा बिल्कीसला आठवलं, राणीनंही जाताना हीच अट घातली होती, आणि राजानंही तेव्हा हो म्हटलं होतं. तिला भीती वाटली. नवरा धक्क्यावर हात वर करून उभा होता, खरोखर प्रेमानं उभा होता, आणि तरीही भीती वाटली. तो बारीक होऊन दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

बोटीच्या डेकवर जागेसाठी झुंबड होती. चटया, ट्रंका, कोंबड्यांच्या जाळ्या, रडणारी पोरं. बिल्कीस पेटी आणि मुलगी सांभाळत इकडून तिकडं फिरत राहिली. शेवटी कठड्याजवळ एक म्हातारी दिसली, तोंडात पानाचा विडा, नाकात चमकी, बोली ऐकून कळलं की आपल्याच किनाऱ्याची. म्हातारीनं बाईमाणूस, लहान पोर आणि सोबत पुरुष नाही हे एका नजरेत टिपलं. बाई अशी एकटी बोटीनं धावते ती एकाच कारणासाठी, हे कुणालाही कळलं असतं.

"कुणाच्या मयतीला चाललीस गो?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"माझ्याच," बिल्कीस म्हणाली. "चाळिसाव्याच्या आत पोचायला हवा."

म्हातारीनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग हातातल्या एकट्या पाटलीकडं. काय समजली कोण जाणे. ती चटईवर जरा सरकली आणि दोघींना जागा करून दिली.